दिवेलागणीच्या आत घरी

कामावरून सुटल्यावर थेट घरी न जाता वाटेत कुठेतरी दोन-अडीच तास मोडणारे आपण गोव्यात पुष्कळ जण आहोत. कुणी तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) बसतो, कुणी गाड्यावर ओम्लेट-रोस खातो, कुणी क्लबात पत्ते खेळतो, कुणी नाक्यावर नुसत्याच गजाली करतो. मीही वीस-बावीस वर्षे हेच केले. नोकरी म्हापशात, घर अस्नोड्यात, बसने जेमतेम अर्धा तास. तरी घरी पोचायला साडेआठ-नऊ व्हायचे. पोट बाहेरच भरलेले असायचे, पण बायको जेवायची थांबलेली असे, म्हणून तिच्याबरोबर पुन्हा शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) जेवायचो आणि अर्ध्या तासात आडवा व्हायचो. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीएवनसी, केली तेव्हा ती ७.४ निघाली. आज मी एक्कावन्न वर्षांचा आहे. आकडा गेली दोन वर्षे साडेसहाच्या खाली आहे, एक गोळी चालू आहे आणि संध्याकाळी मी घरी असतो. ज्यांनी नुकतेच असे काही मनाशी ठरवले आहे, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातला क्रम सांगतो. मी डॉक्टर नव्हे. औषधाचा शब्द डॉक्टरचाच.

गोव्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. चवथीच्या आरतीला घरात चार मोठी माणसे उभी असतील तर त्यांतल्या एकाला हा आजार असणार, असा त्याचा अर्थ.

बहुतेक जण ताटापासून सुरुवात करतात. मीही केली होती. ओट्स आणले, कच्च्या काकडी-गाजराचे डबे भरले, भात बंद केला. संध्याकाळ मात्र होती तिथेच राहिली. एकोणीस दिवसांनी सगळे संपले, कारण दिवसभर उपाशी राहिलेला माणूस सात वाजता तळणाच्या वासात जाऊन बसला की तिथे काय होणार ते सांगायला नको. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे: आधी संध्याकाळ बदला, ताट त्यामागून बदलते.

पहिले पाऊल: चार आकडे लिहून ठेवा

जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय तिथे असते. रिकाम्यापोटी साखर १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान करतात. एचबीएवनसीचा उंबरठा ५.७ ला सुरू होतो आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. रक्तदाब १४०/९० वर सारखा दिसत असेल तर अंगावर काढू नका. चौथा आकडा घरीच घ्यायचा: शिंप्याची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध लावून, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा. माझा १०३ होता. पँटची कंबर पोटाखाली बांधायची सवय लागलेली असल्यामुळे तो इतका असेल असे मला वाटलेच नव्हते.

हे चारही आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेच्या चौकटीत लिहा. वही हरवते, भिंत हरवत नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.

एक सावधगिरी इथेच सांगतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला न विचारता जेवण कमी करू नका, उपास धरू नका. काही औषधांवर असताना जेवण चुकले की साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझे एका एकादशीला असे झाले. बसमध्ये उभा होतो, शेजारच्या माणसाने बसवले, एका बाईने पिशवीतले केळे काढून दिले. गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ यांची सांगड डॉक्टरकडून एकदा नीट समजून घ्या.

दुसरे पाऊल: संध्याकाळ घरी आणा

सगळ्यात अवघड भाग हा आहे, म्हणून सगळ्यात जास्त याबद्दलच लिहितो.

माझ्या पहिल्या आठवड्याचे चित्र सांगतो. सव्वासहाला दारात उभा राहिलो तर बायकोने विचारले, "आज बरे नाही का?" मी म्हटले, सहज लवकर आलो. दुसऱ्या दिवशीही सहज. तिसऱ्या दिवशी ती गप्प बसली, पण मला दिसू लागले की माझ्या येण्याने तिची घडी विस्कटते आहे. साडेसहाला ती तुळशीपुढे दिवा लावते, मग अर्धा तास आपली मालिका पाहते, बुधवारी देवळात बायकांचे भजन असते, मुलगी पुढच्या खोलीत अभ्यास करते. वीस वर्षे मी नसण्याची त्या घराला सवय झालेली. मी येऊन पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसलो, पंखा लावला, चहा मागितला, बातम्या लावल्या; म्हणजे दोघींचीही जागा मी अडवली.

तेव्हा घरी यायचे ठरवले असेल तर आधी घरच्यांशी बोला. "उद्यापासून मी लवकर येणार, मला एक काम द्या," इतकेच बोला. काम एकच घ्या, पण ते पूर्ण आपले करा. मदत करतो म्हणणारा माणूस चार दिवसांनी गळतो, कारण मदत कधीही थांबवता येते. मी नुस्ते (मासळी) आणणे आणि साफ करणे घेतले. कुणी परसातली झाडे शिंपण्याचे घेईल, कुणी कोशिंबीर करण्याचे, कुणी आईला फिरवून आणण्याचे. दिवेलागणीला हातांना काम असले की पाय बाहेर ओढत नाहीत.

पहिले पंधरा दिवस सात ते साडेआठ हा वेळ खायला उठतो. फोन वाजतात. "खंय रे तूं?" मित्र काही वाईट नसतात, त्यांनाही एक खुर्ची रिकामी दिसते. मी खोटी कारणे सांगायचो, तो माझा चुकीचा मार्ग होता. रोज नवे कारण शोधावे लागते आणि मित्रही दुखावतात. साधे खरे सांगितले, "साखर वाढली आहे, संध्याकाळचा घरी असतो, रविवारी सकाळी भेटूया", तेव्हा फोन आपोआप कमी झाले. शिवाय एकाने हळूच विचारले, तपासणी कुठे केलीस म्हणून.

बसच्या वाटेचाही विचार करा. म्हापशाच्या बसस्थानकावर मी पूर्वी बाजाराच्या बाजूने यायचो, त्या वाटेवर माझी बसण्याची जागा होती. मी वाट बदलली. पाच मिनिटे जास्त चालतो, पण त्या दारावरून जात नाही. नंतर कधीतरी गेलात तर चालेल, पहिले दोन महिने तरी नको.

जेवण साडेसात ते आठच्या दरम्यान. आमच्याकडे नऊ-साडेनऊची रीत होती, ती माझ्यासाठीच पडली होती असे नंतर कळले. आईला तर सातलाच भूक लागायची आणि ती इतकी वर्षे काही न बोलता थांबत होती.

तिसरे पाऊल: बाटलीचा हिशेब

काजूची फेणी हा आपला अभिमानाचा विषय आहे, २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त असतो. साठ मिलीच्या एका मापात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि एका ग्रॅममागे सात कॅलरी, म्हणजे १४० कॅलरी नुसत्या मद्याच्या. त्यात घातलेल्या गोड शीतपेयाच्या ३०० मिलीत साधारण ३० ग्रॅम साखर. मार्च ते मे हुर्राकाचा (काजूच्या रसाच्या पहिल्या उताऱ्याच्या दारूचा) हंगाम; ती फेणीहून सौम्य, म्हणून ग्लास मोजलेच जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की मद्याचे कुठलेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

मी स्वतः रोजची बंद केली, वर्षातून तीन-चार वेळा घेतो. तुमचे प्रमाण डॉक्टरशी बोलून ठरवा. मात्र सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, किंवा एक दिवस न मिळाल्यास घाम आणि बेचैनी होत असेल, तर एकदम सोडू नका. रोज खूप पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकते. अशा वेळी आधी डॉक्टर गाठा, यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

चौथे पाऊल: पिशवी घेऊन बाजारात

घरात काय शिजते ते बाजारात ठरते, म्हणून पिशवी तुमच्या हातात हवी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार नवशिक्यासाठी उत्तम शाळा आहे. गावागावांतून बायका आपल्या परसातली भाजी घेऊन येतात. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, सात शिरांची भेंडी, ताळगावची आणि आगशीची वांगी, मयड्याची केळी, अळसांदे, कुळीथ, उकडे तांदूळ, सगळे एका फेरीत मिळते. पहिल्यांदा जाताना घरून विचारून यादी न्या आणि वर एक पालेभाजी स्वतःच्या मनाने घ्या. विकणारीलाच विचारा, ही कशी करतात? ती सांगते, आणि मनापासून सांगते.

पावसाळ्यात तर आपल्याकडे फुकटचे सोने उगवते. तायकिळो, तेरे, कुड्डूक, फागलां. तेरे-अळू शिजवताना सोले (कोकम) किंवा आंबाडे घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो; त्या पानांतल्या ऑक्झलेटच्या बारीक सुया खाज आणतात, आणि आंबटाने ती मोडते. रानातली अळमी (अळंबी) मात्र ओळखणाऱ्याकडूनच घ्या, स्वतः वेचायला जाऊ नका.

आता नुस्ते. महागाचे इसवण आणि पापलेट म्हणजेच चांगले नुस्ते, हा समज मनातून काढा. बांगडा आणि तारले ही स्वस्त, तेलकट मासळी हृदयाला उपयोगी अशा ओमेगा-३ चरबीने भरलेली असते. घेताना डोळा बघा: ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो, शिळ्याचा आत बसलेला आणि धुरकट. कल्ला उचलून पाहा, लालभडक हवा. विटकरी-तपकिरी असेल तर वाटा खाली ठेवा. बोटाने पाठ दाबली की खळगा लगेच भरून यावा.

साफ करायला मला आईने शिकवले. ती परसदारी पाटावर बसली होती, मी तिच्यासमोर आदोळी (विळी) घेऊन. आधी पर कापले, मग कल्ल्याखाली बोट घालून कल्ले ओढून काढले, त्यांच्याबरोबर आतडे येते. मी पाण्याखाली धरून झाले म्हणून ताटात टाकला. तिने तो उचलला, पोट उघडले आणि काट्याच्या कडेने गेलेली काळसर रक्ताची रेघ दाखवली. "ही राहिली की हुमणाला वास येतो." अंगठ्याच्या नखाने ती रेघ शेपटीकडून डोक्याकडे खरवडायची, पाणी स्वच्छ होईपर्यंत. सहा बांगड्यांना मला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. आता दहा मिनिटे लागतात. आईचे डोळे अधू झालेत, तरी ती ताटातला एखादा उचलून त्या रेघेवर बोट फिरवून बघतेच.

१ जून ते ३१ जुलै खोल समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांसाठी आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरायची रीत आहे: सुका बांगडा, सुकी सुंगटे, सोले, खारातले आंबे, कुळीथ. रीत चांगली, पण रक्तदाब असलेल्याने खाऱ्या नुस्त्याकडे जपून बघावे. गरम पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी टाकून दिले तर मीठ बरेच उतरते. आम्ही आता पुरुमेंतात सुके नुस्ते निम्मे केले आणि कुळीथ-अळसांदे दुप्पट.

पाचवे पाऊल: ताट

आपल्या घरच्या जेवणात नवे काही आणायची गरज मला दिसत नाही. बिघडले आहे ते प्रमाण, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. एका रात्री मी नेहमीसारखे शीत वाढून घेतले आणि जेवण्यापूर्वी ते वाटीने मोजत बाजूला काढले. पाच वाट्या निघाल्या. आता दोन घेतो. एकदम पाचावर दोन केले नाही; दर पंधरवड्याला अर्धी वाटी कमी करत गेलो, तीन महिने लागले. जागा रिकामी ठेवू नका. शीत जितके कमी कराल तितकी भाजी वाढवा, नाहीतर रात्री अकराला डबे उघडले जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अर्धे ताट भाज्या-फळांचे सांगितले आहे. आमच्या ताटात पूर्वी भाजी म्हणजे कडेला चमचाभर, लोणच्याच्या शेजारी.

तांदूळ उकडाच ठेवा. साळ उकडून मग कांडली की कोंड्यातली बी गटातली जीवनसत्त्वे काही अंशी दाण्यात उतरतात, आणि पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा या शिताने साखर सावकाश चढते. खाण्याचा क्रमही बदला: आधी भाजी-कोशिंबीर, मग नुस्ते किंवा कडधान्य, शेवटी शीत-हुमण. हा क्रम पाळला की जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि शीत येईपर्यंत निम्मी भूक भागलेली असते. आमच्याकडे शीत पहिल्यांदा वाढायची पद्धत. ती मोडायला आईची समजूत काढावी लागली.

नारळाबद्दल नाजूकपणे लिहितो, कारण नारळाशिवाय आपले हुमण हुमण राहत नाही. खोबरेल तेलातली सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त असते आणि ती वाईट कोलेस्ट्रॉल वाढवते. आमच्या घरी चार माणसांच्या हुमणाला अख्खा नारळ लागायचा. आता अर्धा. दाटपणासाठी वाटणात एक चमचा भिजवलेले धणे वाढवले आणि बांगड्याच्या हुमणात तिरफळे दोन जास्त ठेचून टाकली. पहिल्या दोन वेळा पातळ वाटले, नंतर जीभ तेच मागू लागली. तळलेल्या नुस्त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पानातला बांगडा करा: हळद, मिरची-लसणाचे वाटण आणि थोडे सोलांचे पाणी लावून केळीच्या पानात गुंडाळा, तव्यावर चमचाभर तेल, वर झाकण, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटे. पान करपून काळे झाले की आतले नुस्ते तयार.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, सपाट एक चहाचा चमचा, सगळे मिळून. आमची चूक सोलकढीत सापडली. रोज दोन वाट्या प्यायचो, पचनाला चांगली म्हणून. पण बाटलीतले आगळ (कोकमाचा रस) टिकावे म्हणून त्यात मीठ भरपूर घातलेले असते आणि वरून आम्ही पुन्हा मीठ घालायचो. आता बिनमिठाची उन्हात वाळवलेली सोले आणून ती कोमट पाण्यात भिजवतो, नारळाविना फुटी कढी करतो, वर हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते.

सोमवार आणि घरातले इतर शिवराक (शाकाहारी) वार हे आपल्याला आयते मिळालेले साधन आहे. पण शिवराक म्हणजे बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि गोड असे होऊन बसले आहे. त्या दिवशी मुगागाठी करा, अळसांद्यांचे तोणाक (रस्सा) करा, कुळथाची पिठी करा. खतखत्यात तर पाच-सात भाज्या एकदम जातात. कुळीथ, मूग, अळसांदे या सगळ्यांत शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांमागे वीस ग्रॅमहून जास्त प्रथिने असतात, आणि चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात तेव्हा त्यांची गरज असते.

सहावे पाऊल: सकाळ

रात्री लवकर जेवलात की सकाळी खरी भूक लागते. ही भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तिच्या नादी लागून बन्स आणि पाव-पातळभाजीवर जाऊ नका. पोदेराची (पाववाल्याची) कोंड्याची पोळी घेत असाल तर ती फाडून आत बघा. आतून करडी असेल तर कोंडा पिठात आहे, आत पांढरीशुभ्र आणि कोंडा फक्त वर भुरभुरलेला असेल तर तो मैदाच. चांगली पोळी देणारा पोदेर सापडला तर त्याला सोडू नका. एक पोळी, दोन अंडी, एखादे फळ, एवढ्यावर दुपार गाठता येते. दुसरा पर्याय नाचणीची आंबील, ताक घालून, गुळाविना. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, दोन महिन्यांत शून्यावर याल.

सातवे पाऊल: जेवणानंतर

जेवल्यावर पंधरा मिनिटे चाला. अंगणात, रस्त्यावर, पावसात व्हरांड्यात. चालणारे स्नायू रक्तातली साखर उचलतात. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भरली पाहिजेत. बायको बरोबर आली तर फारच बरे. आमचे चार वर्षांतले सगळे महत्त्वाचे बोलणे या शतपावलीतच झाले, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे आणि वडिलोपार्जित जागेच्या वाटणीचेसुद्धा. दहाला अंथरूण.

आठवे पाऊल: सण, लग्ने आणि सोबती

चवथीला नेवऱ्या खा. घरच्या माणसाने प्रेमाने ताटात वाढलेली नेवरी नाकारून काही साधत नाही. फक्त डबा स्वतःच्या हाताशी ठेवू नका, आणि पाच दिवस झाले की सहाव्या दिवशी आपल्या ठरल्या वेळेवर परत या. लग्नाच्या जेवणाला जाण्यापूर्वी घरी वाटीभर मूग खाऊन जा. चुकलात तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करायला जाऊ नका, नेहमीसारखे जेवा.

मित्रांच्या बाबतीत मी दोन वर्षे चुकलो. तिथे जायचे नाही म्हणता म्हणता मी भेटणेच सोडले, आणि एका जुन्या सोबत्याला झटका येऊन गेल्याचे मला तिसऱ्या दिवशी कळले. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. घरी बसायचे म्हणजे माणसे तोडायची असे मला कुणीही सांगितले नव्हते, ते मी माझेच ठरवले होते. तुम्ही तसे करू नका. संध्याकाळ घराला द्या आणि मित्रांना सकाळ द्या.

आता महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराला आमच्याकडे पेज असते. शेतावरची माणसे घ्यायची त्याच वेळची, तशीच. पाच-सहा जण येतात, परसातल्या फणसाखाली बाकडी टाकतो. बरोबर कुळथाची सुकी भाजी, भाजलेला पापड, कांदा, आणि ज्याला रक्तदाब नाही त्याला खारातला आंबा. पहिल्यांदा दोघेच आले होते आणि पत्त्यांचा डाव दोघांत जमेना. गेल्या खेपेला एकाने आपला तपासणीचा कागद खिशातून काढून माझ्यापुढे धरला.

करून बघणार असाल तर प्रमाण सांगून ठेवतो. सहा जणांना पाव किलो उकडा तांदूळ पुरतो, पाणी त्याच्या आठपट. तांदूळ आणि कुळीथ शनिवारी रात्रीच निरनिराळे भिजत घाला, आणि पेज चुलीवरून उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे आधी मीठ घाला, तेही बेताचे, कारण बरोबरच्या पापडात आणि आंब्यात ते आहेच.